विदाऊट गन

मागच्या महिन्यातली गोष्ट आहे. सावद्याच्या बाजूला एका केळीच्या पॅकहाऊसला मी स्टोअर आणि डिस्पॅच बघतो, तिथल्या ऑफिसात बसलो होतो. दुपारचे तीन वाजले असतील. शेडमध्ये बायका फण्या पाण्यातून काढून, निथळून, बॉक्समध्ये लावत होत्या, वर पत्रा उन्हानं तडतडत होता. शेठ आत आले आणि म्हणाले, मेजर, पगाराच्या दिवशी रोकड येते, गेटवर एक बंदूकवाला लागेल आता, बघा ना कोणी तुमच्यातला. आमच्याकडे कुठल्याही फौजीला मेजरच म्हणतात. पटकन कोणी डोळ्यासमोर आलं नाही म्हणून मी जळगावच्या एका एजन्सीला फोन लावला. पलीकडे कोणीतरी तरुण पोरगा होता. मी त्याला सांगितलं की बाबा, एक माजी सैनिक पाहिजे, उंची बरी असू दे, चष्मा नको, आणि स्वतःची गन असलेलाच दे. तो म्हणाला, ओके सर, ईएसएम, विथ गन. ईएसएम म्हणजे एक्स-सर्व्हिसमन, माजी सैनिक. फोन ठेवला, इश्यू रजिस्टर पुढे ओढलं, पेनचं टोपण काढलं आणि हात तिथंच थांबला. हे शब्द मी ऐकलेले होते. आठ वर्षांपूर्वी, असेच, जळगावलाच. फक्त तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो.

त्या रात्री झोप लागली नाही.

मी २०१७ ला पेन्शनवर आलो. तोफखान्यात २४ वर्षं झाली होती, वय ४३. अमळनेर स्टेशनला उतरलो तर गावची पोरं उघडी जीप घेऊन आलेली, बॅनर, गुलाल, डीजे, आणि माझी काळी पेटी, जिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि युनिट लिहिलेलं, ती दोघांनी अशी उचलून धरली होती जशी काही पालखी आहे. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "नाना, आते घर उना ना, आते कथाबी जाऊ नको." मला तेव्हा खरंच वाटलं होतं की आता कुठं जायचं नाही. पण पंधरा दिवसांत गुलाल धुतला गेला. पहाटे साडेचारला डोळा उघडायचा तो उघडायचाच, दाढी करून तयार होऊन ओट्यावर बसायचो आणि मग पुढे काय करायचं ते कळायचं नाही. दुपारी लिंबाखाली खाट टाकून पडायचं तर येणारा जाणारा विचारायचा, मग मेजर, आता काय? पोरीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, पोरगा दहावीला, चार एकर कोरडवाहू, त्यात भावाचा हिस्सा. पेन्शन होती, पण पेन्शनीवर पोट भरतं, पोरांची फी भरत नाही. आणि खरं सांगायचं तर पैशाच्याही आधी मला ते रिकामं बसणं सोसत नव्हतं. २४ वर्षं कोणीतरी सकाळी आपलं नाव पुकारतं आणि आपण ओ देतो, ते एकदम बंद झालं.

म्हणून एजन्सी. गावातल्या एकानं कार्ड दिलं होतं. जळगावला स्टेशनजवळ, खाली मोबाइलचं दुकान, बाजूनं अंधारा जिना. वर एक खोली, कूलरचा दमट वास, भिंतीला निळ्या युनिफॉर्मचे गठ्ठे लावलेले, त्यावर किरमिजी टोप्या. माझ्याआधी सहा-सात जण बाकावर बसलेले, त्यातले तिघं फौजी हे बसण्यावरूनच कळत होतं. नंबर आला तसा मी डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनची ऑर्डर, कोर्सची सर्टिफिकेटं, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमधून काढून टेबलावर ठेवलं. त्या पोरानं फोल्डरला हात लावला नाही. म्हणाला, काका, चप्पल काढून जरा दारात उभे राहता का? दाराच्या चौकटीवर मार्करनं दोन रेघा मारलेल्या होत्या, खालची ५ फूट ६ आणि वरची ५ फूट ८. मी चौकटीला पाठ लावली आणि अंग आपोआप सावधान झालं. टाचा जुळल्या, मुठी पॅन्टच्या शिलाईला लागल्या, हनुवटी वर. त्याला ते कळलं नसेल. त्यानं डोक्यावर पट्टी ठेवून बघितलं आणि बसल्या बसल्या विचारलं, "बंदूक आहे का स्वतःची?"

मी म्हटलं, नाही.

"नोकरीत होता तेव्हा लायसन्स नाही काढलं? सगळे काढतात. गनमॅनला तीन हजार वर मिळतात, बँकेच्या कॅशव्हॅनवर लगेच लावलं असतं तुम्हाला." त्याच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं, उलट त्याला माझं नुकसान झाल्याचं खरोखर वाटत होतं. फॉर्मवर नाव, गाव, वय, उंची, चष्मा, गन, एवढेच रकाने. फौजेच्या कुठल्या शाखेत होता, काय काम करत होता, असा रकानाच नव्हता. त्यानं वर कोपऱ्यात लाल पेनानं लिहिलं, ईएसएम, विदाऊट गन, आणि रजिस्ट्रेशनचे पंधराशे रुपये मागितले. मी दिले. पावती मिळाली नाही आणि मी मागितलीही नाही. जो माणूस २४ वर्षं व्हाउचरवर सही घेतल्याशिवाय एक जेरीकॅन हलू देत नव्हता त्यानं पावती मागितली नाही, इतका मी त्या खोलीत गोंधळून गेलो होतो.

जिना उतरताना मला धुळ्याची भरती आठवत होती. १९९३, मैदानावर पहाटेपासून रांगा, सोळाशे मीटर पळून आल्यावर छातीला टेप लावला, ७७ सेंटिमीटर, मग सुभेदार साहेब म्हणाले फुगव, आणि मी एवढा श्वास भरला की डोळ्यापुढे काजवे चमकले, कारण ५ सेंटिमीटर फुगली नाही तर घरी जावं लागणार होतं. तेव्हाही मापच घेतलं होतं की. पण १९ वर्षांच्या पोराचं माप घेतात तेव्हा पुढे त्याला काहीतरी शिकवणार असतात. नाशिकरोडच्या सेंटरला आम्हाला तोफ शिकवली, हिशोब शिकवला, नकाशा शिकवला, इंग्लिश अक्षरं घोटून घेतली. ४३ व्या वर्षी चौकटीला उभं करून माप घेतलं तेव्हा मधल्या २४ वर्षांचं काय, हे विचारायला त्या खोलीत कोणालाच वेळ नव्हता. मी ज्या तोफेवर होतो तिचं वजन दहा-बारा टन. कारगिलच्या वेळी रात्रीच्या अंधारात, बत्ती लावायची नाही, ट्रकमधून उतरवलेले गोळे हातानं चाचपून मोजलेत मी, एकेक गोळा त्रेचाळीस किलोच्या आसपास, बोटं गारठून लाकूड झालेली, आणि सकाळी उजेडात मोजले तेव्हा आकडा तोच. शेवटची वर्षं मी बीक्यूएमएच, बॅटरी क्वार्टरमास्टर हवालदार, होतो. म्हणजे बॅटरीचं, आमच्या तोफांच्या तुकडीचं, सगळं स्टोअर माझ्या सहीवर. तंबू, कांबळी, कॅमोफ्लाज नेट, रेशन, टायर, भांडी, सगळं. हँडिंग-टेकिंगला, म्हणजे चार्ज देता-घेताना, आठ आठ दिवस मोजणी चालायची आणि तूट निघाली तर माझ्या गळ्यात. ह्याला बाहेरच्या जगात काय म्हणतात तेच मला माहीत नव्हतं. कोणी विचारलं तर मी सांगायचो, फौजेत होतो. झालं.

फौजीच्या बाबतीत इथंच पाणी मुरतं असं मला वाटतं. आपण काय करत होतो ते आपल्याला सांगता येत नाही आणि एजन्सीवाल्याकडे विकायला एकच माल असतो, तो म्हणजे गेटवर उभा राहणारा माणूस. मग तोच साचा आपल्याला लागतो. त्यात तो खोटं काही बोलत नाही. आपण आपल्याला ओळखत नाही म्हणून त्याचं खरं वाटतं.

पंधरा दिवसांनी सुरतेचा फोन आला. सुरतेला जाणं आमच्याकडे नवीन नाही, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव, ताप्ती लाइनीवरच्या हरेक स्टेशनावरून माणसं उधन्याला उतरतात. अर्ध्या उधन्यात अहिराणी चालते. मला कपडा मार्केटच्या गेटवर लावलं, रात्रीची बारा तासांची ड्युटी, आठ ते आठ. युनिफॉर्मचे, बुटांचे पैसे पहिल्या दोन पगारातून कापले. खोलीत आम्ही पाच जण, त्यात दोन फौजी. काम अवघड नव्हतं. अवघड होतं ते ट्रकवाल्या पोरांनी "ए वॉचमन" म्हणून हाक मारणं, आणि त्याहून अवघड म्हणजे त्या हाकेला ओ द्यायची सवय लागायला लागली ते. घरी फोनवर मी सांगायचो की सिक्युरिटी ऑफिसर आहे. बायकोनं कधी उलट विचारलं नाही. तिला कळलं होतं. पाचव्या महिन्यात एजन्सीचं कॉन्ट्रॅक्ट गेलं, दुसरी एजन्सी आली, आणि आमचा एक पगार मधल्यामध्ये बुडाला. मार्केटवाले म्हणाले एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणाली बिल पास नाही झालं. ठेकेदारानं पगार दिला नाही तर मूळ मालकाला तो द्यावा लागतो असं १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होतं, पण हे मला दीड वर्षानंतर समजलं. तेव्हा मी तिथल्या मॅनेजरला फक्त एवढं विचारलं की साहेब, आमचं कसं? तो म्हणाला, तुम्हाला तर पेन्शन आहे ना. हे वाक्य मी नंतर खूप ठिकाणी ऐकलं. पेन्शन म्हणजे आम्ही आधीच केलेल्या कामाचे पैसे आहेत, आणि लोक ते नव्या कामाच्या पगारातून वजा करायला बघतात.

घरी परत आलो. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, दिवस होते. पोरी झाडाला झोके बांधून गाणी म्हणत होत्या, घरोघर खापरावर मांडे चाललेले, आणि मी ओट्यावर.

मग जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो ते खरं म्हणजे पोरीच्या शिष्यवृत्तीच्या कागदासाठी. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक, पांढऱ्या मिशा, आवाज हळू. माझे कागद बघता बघता म्हणाले, बीक्यू होतास? मी म्हटलं हो साहेब. मग त्यांनी चहा मागवला आणि विचारायला लागले. किती माणसांचं रेशन काढायचास? लेजर किती होती? ऑडिट किती झाली? तूट किती निघाली? गाड्या लोड करायच्या तर किती वेळ लागायचा? कॉम्प्युटरवर करायचास का हातानं? मी सांगत गेलो आणि ते एका जुन्या सर्क्युलरच्या कोऱ्या पाठीवर लिहीत गेले. अर्ध्या तासानं तो कागद माझ्याकडे फिरवला. वर लिहिलं होतं, स्टोअर आणि लॉजिस्टिक्स, अनुभव ९ वर्षं. खाली एकेक ओळ. शेवटची ओळ होती, सर्व मोजण्यांमध्ये तूट नाही. मी ती ओळ परत परत वाचली. ते म्हणाले, अरे हे सगळं तूच सांगितलंस, मी फक्त सिव्हिलच्या भाषेत लिहिलं.

त्यांच्याकडूनच बाकीचं समजलं, जे मला रिटायर व्हायच्या आधी समजायला पाहिजे होतं. शेवटच्या वर्षात डीजीआरचे, म्हणजे फौजींच्या पुनर्वसनाचं जे महासंचालनालय आहे त्याचे, कोर्स असतात, मी तेव्हा सुट्टी घालवायची नाही म्हणून गेलो नव्हतो. मॅट्रिक झालेल्या आणि १५ वर्षं सर्व्हिस केलेल्या माणसाला ग्रुप सी च्या भरतीसाठी पदवीधर धरतात, तसं सर्टिफिकेट मिळतं. राज्य सरकारच्या क आणि ड गटाच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. सिक्युरिटीचंच काम करायचं असेल तर मेस्को, म्हणजे राज्याचं माजी सैनिक महामंडळ, आहे, आणि डीजीआरनं पाठवलेल्या एजन्सी आहेत, ज्या सरकारी कंपन्यांना गार्ड देतात आणि जिथं ९० टक्के माणसं माजी सैनिकच लागतात, पगार ठरवून दिलेला असतो. आमच्या भागात भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, दीपनगरचं वीज केंद्र, तिथं भरती निघते का त्यावर नजर ठेव म्हणाले. आणि एक गोष्ट त्यांनी बोट वर करून सांगितली. जी एजन्सी तुझ्याकडून पैसे मागते तिच्या पायऱ्या उतरून यायचं. खरी प्लेसमेंटवाली एजन्सी कंपनीकडून घेते, वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, उमेदवाराकडून काही नाही.

तसंच झालं. नाशिकच्या एका प्लेसमेंटवाल्या मॅडमकडे तो कागद टाइप करून पाठवला, त्यांचा फोन आला तो चाळीस मिनिटं चालला. बंदुकीचा विषयच निघाला नाही. त्यांनी विचारलं, नाशवंत माल सांभाळलाय का? मी म्हटलं, मॅडम, चौदा हजार फुटांवर अंडी आणि भाजी सांभाळलीय, तिथं गोठून खराब होते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग केळीचं बघा. केळीला १३ डिग्री लागतात, त्याच्या खाली गेलं की साल काळपट पडते, वर गेलं की वाटेतच पिकते. कंटेनर न्हावा शेव्याला वेळेवर गेला नाही तर सगळा माल पाण्यात. ह्यातलं काहीच मला येत नव्हतं, पण मोजायचं, लिहायचं, वेळेवर गाडी काढायची, हे येत होतं. पहिल्या दिवशी केळीच्या चिकाचे डाग नव्या शर्टावर पडले ते आजपर्यंत गेले नाहीत, बायको म्हणते फेकून द्या, मी देत नाही.

सगळेच एजन्सीवाले सारखे नसतात, हे मला सांगायचंय. माझं आयुष्य एका एजन्सीनं पाच महिने खाल्लं आणि दुसऱ्या एजन्सीनं परत दिलं. पण माझ्या बॅचचा एक दोस्त धुळ्याकडचा, त्याला दुबईची नोकरी म्हणून एका एजंटनं दीड लाख मागितले, सोनं गहाण ठेवायला निघाला होता तो. परदेशात पाठवणाऱ्या एजंटला सरकारचं लायसन्स लागतं, नंबर ईमायग्रेटच्या साइटवर बघता येतो, आणि फी ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, त्यापेक्षा जास्त घेताच येत नाही. आम्ही नंबर मागितला तेव्हापासून त्या माणसाचा फोन बंद आहे. आणि आता माझा पुतण्या अग्निवीर आहे. चार वर्षं, त्यातले २५ टक्के पुढे ठेवणार, बाकीचे साधारण पावणेबारा लाख घेऊन घरी, पेन्शन नाही. परवा त्यानं फोन करून विचारलं, काका, लायसन्स काढून ठेवू का बंदुकीचं? सगळे काढून राह्यनात. २२ वर्षांचं पोरगं आहे. माझ्या घशात काहीतरी अडकलं. मी म्हटलं, तू आधी मला सांग तिथं तू दिवसभर काय करतोस. तो म्हणाला, काय म्हणजे? फौजेत आहे.

ह्या सगळ्यानंतर मी स्वतः फोन उचलून म्हटलं होतं, उंची बरी असू दे, चष्मा नको, गन पाहिजे. शेठनं माझ्या तोंडात घातलं नव्हतं ते, माझं मलाच आलं. टेबलाची बाजू बदलली की जीभ अशी बदलते हे मला माहीत नव्हतं.

माणूस चौथ्या दिवशी आला. पारोळ्याकडचा, वय चाळीसच्या आत, निळा युनिफॉर्म खांद्यात सैल, खांद्यावर बारा बोअरची डबल बार, पट्ट्याला सहा काडतुसं. गेटवर खुर्ची दिली तर खुर्चीवर बसेना, उभाच. माझी ओळख कळल्यावर "राम राम मेजर" म्हणाला. मी राम राम घातला आणि निघून आलो, कारण काय बोलावं सुचेना. दोन दिवस मी त्याच्यासमोरून ये-जा करत होतो आणि त्याच्याकडे बघताना मला त्याची बंदूकच दिसत होती. तिसऱ्या रात्री कंटेनर उशिरा येणार होता, अकरा वाजले, लाइट गेली, जनरेटर लावला. चहाचे दोन कप घेऊन मी गेटवर गेलो. तो जनरेटरकडे कान देऊन उभा होता. म्हणाला, मेजर, एक इंजेक्टर मारत नाही तुमचा, उद्या परवा बंद पडेल. मी विचारलं, ट्रेड काय तुझा? म्हणाला, ईएमई, व्हेइकल मेकॅनिक. लेहला सहा वर्षं, उणे पंचवीसमध्ये गाड्या चालू करायचो सकाळी.

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, चांगलं आहे, पण मेकॅनिक आपला ठरलेला आहे ना मेजर, हा गेटवरच राहू द्या. त्यांचंही चूक नव्हतं. आमच्याकडे तशी जागा नाही, आणि जागा नसताना मी काय करणार होतो?

तरी रात्री मी रजिस्टरमधला एक कोरा कागद फाडला आणि गेटवर गेलो. खुर्ची ओढून बसलो, त्यालाही बस म्हटलं, ह्या वेळी तो बसला. बंदूक त्यानं भिंतीला, रिकाम्या कॅरेटांच्या बाजूला टेकवून ठेवली. मी विचारलं, कुठल्या कुठल्या गाड्या? तो म्हणाला, स्टॅलियन, टाट्रा, जिप्सी. किती जण तुझ्या हाताखाली? चार. कोर्स कुठं केला? किती दिवसांचा? इंजिन पूर्ण खोलून बांधलंस असं किती वेळा? इथं तो थांबला, बोटं मोजायला लागला, एकदा चुकला, परत पहिल्यापासून मोजायला लागला. मी पेन धरून बसलो होतो. तेवढ्यात बाहेर कंटेनरनं हॉर्न दिला आणि तो उठून गेट उघडायला गेला, जाता जाता मागं वळून म्हणाला, मेजर, कागद ठेवा, आलोच, अजून बारामुल्लाचं राहिलंय.